मोडीचा भाव

एखादी गोष्ट निकामी ठरवून टाकून दिली की ती 'मोडीत काढली' असे आपण म्हणतो. माणसे, विचार, पक्ष, परीक्षापद्धती, सारे काही आपण मोडीत काढत असतो. पण हा वाक्प्रचार ज्या व्यवहारातून आला, तो व्यवहार नाशिकच्या भांडी बाजारात आजही रोज चालतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. जुने भांडे दुकानात न्यावे, ते काट्यावर चढावे, धातूचा त्या दिवसाचा भाव लागावा, आणि त्या रकमेचे नवे भांडे किंवा रोख पैसे घेऊन घरी यावे, याचे नाव मोड. मोडीत गेलेले भांडे पुन्हा कुणाच्या घरी जात नाही. ते ठोकून चेपतात, पोत्यात भरतात आणि भट्टीत वितळवतात.

गेली तीन वर्षे मी शिक्षण सांभाळून जुनी भांडी आणि हातकामाच्या घरगुती वस्तू गोळा करते आणि विकते. त्या निमित्ताने मोडीच्या काट्याशेजारी पुष्कळ उभी राहिले. या व्यवहारात नेमके काय विकले जाते आणि काय फुकट जाते, ते समजावून सांगावे म्हणून हा लेख. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली एखादा हंडा, घंगाळ किंवा पानाचा डबा असतोच, आणि त्याचा निकाल लावण्याची वेळ कधी ना कधी येतेच.

नाशिक आणि भांडी

नाशिकची आजची ओळख द्राक्षांची आणि कारखान्यांची. पण गावाची जुनी ओळख यात्रेकरूंची आणि भांड्यांची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिकचा खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला. त्यातही येथील तांब्या-पितळेच्या धंद्याची नोंद आहे. जुन्या गावातील तांबट लेन हे नाव त्या कारागिरांची साक्ष देते. रामकुंडावर स्नान करून परतणारा यात्रेकरू गोदावरीचे पाणी घरी नेई, आणि त्यासाठी त्याला तोंड बंद करता येईल असा तांब्याचा गडू लागे. देवपूजेची पळी-पंचपात्री, ताम्हन, निरांजन, समई हेही तो येथूनच नेई. सिंहस्थ आला की ही मागणी कैक पटींनी वाढे. म्हणजे नदीमुळे यात्रा आणि यात्रेमुळे भांडी, असा हा सरळ संबंध आहे. ही नदी बाजाराला विसरत नाही: गोदावरीला मोठा पूर आला की भांडी बाजारात पाणी शिरते. २०१६ आणि २०१९ साली तसे ते शिरलेही.

भांडी बाजार आणि सराफ बाजार एकमेकांना चिकटून आहेत. दोन्हीकडे धंद्याचे साधन एकच, ते म्हणजे काटा. ज्या घराला सराफाची पायरी चढणे परवडत नसे, त्या घराची बाई पितळेचे भांडे घेई, एवढाच काय तो फरक.

भांडे कसे घडत असे

तांबे, पितळ आणि कांसे हे तीन शब्द आपण सैलपणे वापरतो, म्हणून थोडा खुलासा. तांबे हा मूळ धातू आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. साधारणपणे दोन भाग तांबे असेल तर एक भाग जस्त. कांसे म्हणजे तांबे आणि कथील. तांब्याच्या साडेतीन-चार भागांस कथलाचा एक भाग. कांसे कडक असते. त्यावर टिचकी मारली तर नाद बराच वेळ टिकतो, पण हातातून दगडी फरशीवर पडले तर ते तडकते. पितळेला मात्र नुसता पोचा येतो. जुन्या जिनसा ओळखताना ही पहिली परीक्षा.

हाताने घडवलेला हंडा एका पत्र्यातून निघत नाही. तळ, पोट आणि गळा वेगवेगळे ठोकून काढतात व नंतर सांधतात. ठोकताना तांबे कठीण होत जाते, म्हणून ते पुन्हा पुन्हा तापवून मऊ करावे लागते. सांध्याच्या कडा दातेरी कापून एकमेकींत बसवतात आणि झाळतात. जुन्या हंड्याच्या आत हात घातला तर ही दातेरी रेघ बोटांना लागते. शेवटी चकचकीत तोंडाच्या हातोडीने सबंध अंगावर एकसारखे ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. खवल्यांसारख्या दिसणाऱ्या त्या ठोक्यांनी भांडे सुंदर दिसते हे खरे. पण त्यांचे मुख्य काम पत्रा आवळून कठीण करणे हे होय. हे ठोके एका ओळीत, एका खोलीचे आणि एकमेकांवर न चढता पडले पाहिजेत. त्यासाठी हात वर्षानुवर्षे तयार व्हावा लागतो.

ती भांडी का गेली

तांब्या-पितळेच्या भांड्यांना कौतुकाने 'आजीचे वैभव' म्हणणे सोपे आहे. पण आजीचे कष्टही ध्यानात घेतले पाहिजेत. पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, म्हणून आतून कल्हई हवी. कल्हईवाला भात्याने निखारे फुलवी, भांडे तापवी, नवसागर टाकून धातू स्वच्छ करी आणि कथलाची कांडी टेकवून कापसाने तो पातळ थर सर्वत्र फिरवी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे भांडे अधिक तापले तर थर उडे. वापराने तो झिजेही. मग पुन्हा कल्हई. शिवाय रोज चिंच, राख, माती घेऊन घासणे आलेच.

प्रथम ॲल्युमिनियम आले, ज्याला आपल्याकडे 'जर्मन' म्हणत. मग स्टेनलेस स्टील आले. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली ते तयार केले. आपल्या स्वयंपाकघरांत मात्र ते १९६० नंतरच्या काळात सर्रास शिरले. जुन्या साड्या घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणीने त्याला घरोघर पोचवले. स्टीलला कल्हई नको, चिंच नको, ते कळकत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षे हंडे घासले, तिने आनंदाने पितळ मोडीत दिले असेल तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढे गॅस आला, बंबाची जागा गिझरने घेतली, नळ घरात आले आणि हंडे-कळश्यांचे कामच संपले. आता जुन्या नाशकातले वाडे पडत आहेत. काही पावसाळ्यात आपोआप कोसळतात, काही इमारतीसाठी पाडले जातात. वाड्यातले कुटुंब दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाते तेव्हा बरोबर काय न्यायचे याचा निर्णय एका आठवड्यात करावा लागतो, आणि सबंध घराची भांडी एका हातगाडीवरून भांडी बाजारात येतात.

मोडीचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हिशेबापुरते धरू की पितळेच्या मोडीचा भाव किलोला चारशे रुपये आहे आणि आपले घंगाळ सहा किलोंचे आहे. काट्यावर त्याचे चोवीसशे रुपये होतात. त्यातून लोखंडी कड्या, कल्हई, आत बसलेली क्षाराची पुटे यांची घट वजा होते. हाती बावीसशे आले असे समजा. याच पैशांत दुकानात नवे भांडे घ्यायला जावे, तर त्याच्या किमतीत धातू अधिक घडणावळ, म्हणजे कारागिराची मजुरी, धरलेली असते. म्हणजे घेताना आपण घडणावळ देतो आणि मोडीत देताना ती शून्य धरली जाते. दुकानदार येथे फसवत नाही, कारण तो भट्टीसाठी धातूच घेतो आहे. सुबक मठारकामाचे घंगाळ आणि पिचलेला पत्रा हे दोन्ही भट्टीला सारखेच.

ही पद्धत वाईट म्हणावी, तर तेही खरे नाही. पितळेचे भांडे कधीही विकता येते आणि धातूचा भाव सहसा बुडत नाही, या भरवशावरच ते घेतले जाई. धनत्रयोदशीला एखादी वाटी, पुढच्या वर्षी तांब्या, असे करीत बाई मांडणी भरत नेई. दुष्काळ पडला, आजारपण आले, मुलाची फी भरायची झाली, की त्यातला एक नग गहाण पडे किंवा मोडीत जाई. ज्या काळात तिच्या नावाने बँकेत खाते नव्हते, त्या काळात मांडणी हेच तिचे खाते होते. मोडीच्या काट्याने अनेक संसार तारले आहेत.

म्हणून मोड बंद व्हावी असे माझे म्हणणे नाही. चेपलेले, फुटलेले, यंत्रावर काढलेले भांडे खुशाल मोडीत जावे. तो धातू पुन्हा उपयोगी पडतो. माझा आक्षेप इतकाच की काट्याला दोन गोष्टी दिसत नाहीत, आणि त्या पाहण्याचे काम आपले आहे. एक म्हणजे हात, ज्याविषयी वर लिहिले. दुसरी म्हणजे नाव.

भांड्यावरचे नाव

जुन्या भांड्याच्या काठावर किंवा पोटावर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे असतात. भांडे घेतले की दुकानातच ते नाव घालून मिळे. लग्नातल्या जेवणावळीत घरोघरची भांडी एकत्र होत, तेव्हा ओळखीसाठी नावाची गरज असे. पण ती अक्षरे एवढीच माहिती देत नाहीत. कुणी कुणास काय प्रसंगाने भेट दिली, मामाने दिले की आत्याने, गाव कोणते, शके किती, हे सारे त्यात सापडते.

मी आजवर हाताळलेल्या भांड्यांपैकी पुष्कळांवर बाईचे नाव आहे. घराच्या उताऱ्यावर, सातबारावर, दुकानाच्या पाटीवर जिचे नाव कधी लागले नाही, तिचे नाव कळशीवर मात्र आहे, आणि काही वेळा तर ते माहेरचे आहे. लग्नानंतर बदललेले, नातवंडांना ठाऊकही नसलेले ते नाव तिच्या बापाने आंदण दिलेल्या तांब्यावर राहून गेलेले असते. स्त्रियांच्या मालकीचा इतिहास लिहायचा झाला तर त्याची साधने दफ्तरखान्यात कमी आणि फडताळात अधिक मिळतील असे मला वाटते. मोडीत ही साधने किलोच्या भावाने जातात.

गेल्या वर्षी पंचवटीतल्या एका वाड्यातून एका वृद्ध बाईंनी मला अकरा नग दिले. मी म्हटले, "आजी, एखादे ठेवून घ्या." त्या म्हणाल्या, "ठेवू कुठे, पोरी? मुलाच्या फ्लॅटला माळाच नाही." मग जरा थांबून त्यांनी सासूबाईंच्या नावाचा एक लहान गडू बाजूला काढला आणि बाकीच्यांविषयी एकच अट घातली: "कुणाला दे, पण नाव तेवढं घासू देऊ नको हो." पैशांविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून विकताना ही अट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. दोघांनी ती ऐकून भांडे परत ठेवले. त्याचे मला वाईट वाटले नाही.

वय कसे ओळखावे

भांड्यावर शक असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेस ७९ मिळवावे लागतात. शके १८४५ म्हणजे १९२३ साल. गुजराती आणि मारवाडी घरांतील भांड्यांवर संवत् असतो; त्यातून ५६ किंवा ५७ वजा करावे. मापांचेही तसेच. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे धान्य मोजण्याचे कोष्टक आपल्या आजोबांना पाठ असे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि पुढल्या काही वर्षांत व्यापारातून जुनी मापे गेली. त्यामुळे शेराचा शिक्का असलेले माप बहुधा त्याआधीचे असते.

अक्षरे नसतील तर झीज पाहावी. खरी झीज हात लागतो तिथे असते, म्हणजे काठ, कडीची जागा, तळाची धार. आतला दातेरी सांधा, रिबिटे, कुणी दिलेला डाग ही वापराची लक्षणे होत. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल, खोलगट जागी आणि उंचवट्यावर रंगात काहीच फरक नसेल, तर नव्या पितळेवर आम्लाचा प्रयोग करून ते जुने केलेले असण्याचा संभव फार. अशी भांडी 'पुरातन' म्हणून विकणारे भेटतात. उपाय एकच, तो म्हणजे घाई न करणे आणि वस्तू कुठल्या घरातून आली ते विचारणे.

विकणाऱ्याची जबाबदारी

आता गिऱ्हाइके कोण, तेही सांगते. काही जण आजीच्या घरी होते तसलेच घंगाळ शोधत येतात. काही नवीन घर सजवणारे असतात. नाशिकच्या आसपास द्राक्षबागांतून निघालेली विश्रामगृहे आणि हॉटेले घंगाळ घेऊन त्यात पाणी भरतात व फुले तरंगत ठेवतात. ज्यात आजोबा अंघोळीचे पाणी विसणत, त्यात झेंडू तरंगताना पाहून प्रथम हसू येते. पण भट्टीपेक्षा ते बरे. अडचण येते ती चकाकीची. बहुतेकांना भांडे सोन्यासारखे चमकणारे हवे असते. यंत्राच्या चाकावर ते घासले की चकाकी येते, पण मठाराचे ठोके बोथट होतात आणि नाव पुसट होते. चिंच किंवा लिंबू-मीठ आणि मऊ फडके एवढे पुरते.

मी स्वतःपुरते चार नियम केले आहेत. घेताना मोडीच्या भावावर निदान चौथाई अधिक द्यायची, आणि मोडीचा त्या दिवसाचा भाव देणाऱ्याला आधी सांगायचा. प्रत्येक नगाबरोबर एक कार्ड ठेवायचे: कुठल्या गल्लीतून आला, काय नाव आहे, कशासाठी वापरत. डाग दिलेला असेल तर तो दाखवायचा. आणि देणाऱ्या घराला वस्तू परत हवी झाली, ती विकली गेलेली नसेल, तर घेतल्या किमतीत परत द्यायची. यात नफा कमी होतो, पण लोक पुन्हा बोलावतात.

कायद्याचीही माहिती हवी. पुरावशेष आणि बहुमोल कलावस्तू यांविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. कला, कारागिरी किंवा गतकाळाचे जीवन दाखवणारी शंभर वर्षांहून जुनी वस्तू या कायद्याने पुरावशेष ठरू शकते. इमारतीतून सुटा केलेला भागही त्यात येतो. म्हणजे वाड्याचे कोरीव खांब-तुळयासुद्धा. पुरावशेषांच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाहीत. धातूच्या शंभर वर्षांवरील मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणीही करावी लागते. म्हणून शतकापलीकडची वाटणारी वस्तू आणि देव्हाऱ्यातले जुने टाक-मूर्ती मी विक्रीसाठी घेतच नाही. तशी वस्तू कुणी दाखवली तर पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करायला सांगते.

ज्यांनी हे काम मोठे केले

घरगुती वस्तूंना संग्रहालयात जागा असते, हे महाराष्ट्राला पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांनी दाखवले. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला प्रारंभ केला. दिवे, अडकित्ते, करंडे, वज्र्या, स्वयंपाकाची भांडी, अशा ज्या वस्तूंकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते, त्यांसाठी ते गावोगाव हिंडले. १९६२ साली त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. लहानपणी वारलेल्या मुलाच्या नावाने ते 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' झाले. आज तेथे वीस हजारांवर वस्तू आहेत. अहमदाबादला तर १९८१ पासून नुसत्या भांड्यांचे 'विचार' नावाचे संग्रहालय आहे.

वस्तू जपणे हा एक भाग झाला. कारागीर जगणे हा दुसरा, आणि तो अधिक कठीण. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेरांच्या भांडी घडवण्याच्या कलेला २०१४ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत 'इन्टॅक' या संस्थेच्या साह्याने तांबटांनी नव्या घरांना लागतील अशा वस्तू मठारकामात घडवल्या. दोन्हींचा अर्थ एकच: हाताला काम मिळाले तरच कला राहते. जुने घंगाळ विकत घेणाऱ्याने एखादे नवे, हाताने घडवलेले भांडेही घ्यावे, असे मी सांगते ते यासाठीच.

एक सूचना

शेवटी महाविद्यालयापुढे एक सूचना ठेवते. आपल्या जिल्ह्यात अंजनेरी येथे १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. एखादे नाणे कुठे सापडले याची नोंद नसेल तर त्याचे अर्धे मोल जाते, हे तेथे कुणीही सांगेल. भांड्यांचेही तेच आहे. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या पाच जुन्या वस्तूंची नोंद करावी: नाव, वजन, माप, कोरलेली अक्षरे जशीच्या तशी, आणि ती वस्तू कशाला वापरत हे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शब्दांत. शंभर मुलांनी हे केले तरी पाचशे नोंदींची वही इतिहास आणि मराठी विभागांच्या हाती येईल. रोळी, ओगराळे, कोयरी, चुनाळे हे शब्दही त्या वहीत राहतील. ते उच्चारणारी माणसे आज घरात आहेत.

यासाठी खर्च काही नाही. नोंद झाल्यावर वस्तू ठेवायची, विकायची की मोडीत द्यायची, ते ज्याचे त्याने ठरवावे. ज्यांना मोडीतच द्यावी लागेल त्यांनी खुशाल द्यावी. फक्त काट्यावर ठेवण्यापूर्वी काठावरचे नाव एकदा वाचावे आणि ते वहीत लिहून घ्यावे.